जुन्या स्पोर्ट्स कारला मोठा अल्टरनेटर बसवताना

रात्रीची वेळ, पाऊस, हेडलाइट लागलेले, वायपर चालू, काचेवर वाफ धरू नये म्हणून हीटरचा पंखाही चालू. सिग्नलला थांबलात आणि इंजिन आयडलिंगवर आलं की हेडलाइट पिवळे पडतात, वायपर अर्ध्यात रेंगाळतात, व्होल्टमीटरचा काटा बाराच्या खाली झुकतो. ब्रेकवर पाय दाबला की आणखी थोडा. जुनी स्पोर्ट्स कार नुसती झाकून न ठेवता चालवणाऱ्या माणसाला हे दृश्य ओळखीचं असतं आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: मोठा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) टाक.

मीही टाकला. ३६ अँपियरचा काढून ९० अँपियरचा बसवला, काम एका सकाळीच आटोपलं आणि दिवे पहिल्यांदाच पांढरेशुभ्र दिसले. तिसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या लांब प्रवासानंतर गाडी उभी केली तर बोनेटखालून गरम प्लास्टिकचा वास आला. अल्टरनेटरच्या मागची वायर बोटाने दाबून पाहिली, तर तिचं आवरण चिकट आणि मऊ झालं होतं. वायरीच्या टोकाला दाबलेलं, बोल्टवर बसणारं थिंबल काळं पडलेलं. आवरण सोलत गेलो तर आत वीतभर लांबीपर्यंत तांबं चॉकलेटी झालेलं. अल्टरनेटर उत्तम होता. त्याची वीज वाहून नेणारी वायर मात्र मी जुनीच ठेवली होती, ३६ अँपियरच्या मापाची. गाडी पेटली नाही, हे नशीब.

म्हणून या लेखात पान्याने नट-बोल्ट फिरवण्याबद्दल कमी आणि वायरींबद्दल जास्त वाचायला मिळेल. अल्टरनेटर उतरवणं-चढवणं तासाभराचं काम आहे. नवख्या माणसाची फसगत होते ती त्याच्या आधी आणि नंतर.

काय काय जवळ हवं

कागदपत्रं आधी. तुमच्या गाडीच्या नेमक्या वर्षाचा वायरिंग डायग्राम हवाच. एकाच मॉडेलच्या दोन लागोपाठच्या वर्षांत चार्जिंगची जोडणी वेगळी असू शकते, त्यामुळे ‘जवळपासच्या वर्षाचा’ चालणार नाही. वर्कशॉप मॅन्युअलमधलं चार्जिंगचं प्रकरण, जुन्या अल्टरनेटरवर कोरलेला क्रमांक, नव्याच्या टर्मिनलांचा नकाशा आणि एक वही.

हत्यारांत मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (फक्त एसी मोजणारा इथे निरुपयोगी), पाने आणि सॉकेट, टॉर्क रेंच, सरळ पोलादी पट्टी, तारेचा ब्रश, आणि जाड थिंबल दाबणारं क्रिंपिंगचं हत्यार. हे शेवटचं नसेल तर उसनं आणा, किंवा केबल मोजून बाहेरून दाबून घ्या. पक्कडीने किंवा हातोडीने ठोकलेलं थिंबल आज घट्ट वाटतं आणि सहा महिन्यांनी तापू लागतं.

सामानात जाड केबल, तांब्याची थिंबलं, हीट श्रिंक स्लीव्ह, फ्यूज आणि त्याचा होल्डर, नवा बेल्ट, नवी अर्थ स्ट्रॅप (करंट बॅटरीकडे परतण्यासाठी इंजिनला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी). मापं पुढे येतीलच.

१. आधी मोजा. जुना अल्टरनेटर खरंच कमी पडतोय का?

ही पायरी गाळू नका. मंद दिवे म्हणजे अशक्त अल्टरनेटर असं लोक धरून चालतात. पन्नास वर्षं जुन्या गाडीत मात्र दोष बऱ्याचदा गंजलेल्या जोडांत असतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली आहे. उतरलेली असेल तर आधी चार्जरवर लावा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेला कोणताही आकडा दिशाभूल करतो.

आता इंजिन चालू करून दीड-दोन हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीवर व्होल्टेज पाहा. १३.८ ते १४.५ असेल तर अल्टरनेटर आपलं काम करतो आहे. मग हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा सगळं लावा आणि दोन मापं घ्या. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर, म्हणजे बी प्लसवर, आणि दुसरी बॅटरीच्या धन खांबावर. चिमट्यावर टेकवू नका, शिशाच्या खांबावरच टेकवा. खांब आणि चिमटा यांच्यामधली गंजही मापात यायला हवी. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरीत किंवा जोडात आहे. दुसरं माप अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यामध्ये. इथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब आहे.

एकदा मीटर एसी व्होल्टवर ठेवूनही बॅटरीवर टेकवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे. रेडिओत इंजिनाबरोबर चढउतार होणारी शीळ ऐकू येणं आणि बॅटरी रात्रीत उतरणं, ही त्याचीच लक्षणं.

फक्त हेडलाइट मंद असतील आणि बॅटरीवर व्होल्टेज ठीक असेल, तर हेडलाइटच्या प्लगमध्ये मोजा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून जातो आणि त्याचे झिजलेले संपर्क एक-दीड व्होल्ट सहज खातात. तिथे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाका. अल्टरनेटरला हात लावायची गरजच उरणार नाही.

२. गाडीला किती अँपियर लागतात?

वहीत यादी करा. इंजिन बंद, चावी ऑन, बॅटरीच्या केबलभोवती क्लॅम्प, आणि एकेक स्विच दाबत आकडे लिहायचे. चावी ऑन ठेवून रेंगाळू नका, इग्निशन कॉइल तापते. साधारण असे आकडे येतात:

- इग्निशन: ४ ते ५
- इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: कार्ब्युरेटरच्या गाडीत २ ते ४, इंजेक्शनच्या गाडीत ६ ते ८
- ५५ वॉटचे दोन हेडलाइट: ८ ते ९
- मागचे दिवे, नंबर प्लेट, डॅशचे दिवे मिळून: ३
- ब्रेक लाइट, २१ वॉटचे दोन: ३
- वायपर: ३ ते ५
- हीटरचा पंखा: ५ ते ८
- रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा: १० ते १५, सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बराच जास्त

मधले आकडे धरले तरी बेरीज ४५ च्या आसपास जाते. आता मूळ यंत्रं पाहा. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांतला ल्यूकस कंपनीचा सी४० डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचं वीज तयार करणारं यंत्र) २२ अँपियरचा होता आणि पुढे आलेला १७एसीआर अल्टरनेटर ३६ अँपियरचा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तेवढं पुरत होतं, कारण रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा आणि साउंड सिस्टीमचा अँप्लिफायर नव्हता. हे भार नंतरच्या मालकांनी वाढवले आहेत.

तुमच्या बेरजेची साधारण दीडपट घ्या. ४५ ला ६५ ते ७० पुष्कळ झाले. १२० किंवा १४० च्या मागे लागू नका. अल्टरनेटर गाडीला लागेल तेवढाच करंट देतो हे खरं, पण उतरलेली बॅटरी जोडली की तो सगळी ताकद लावतो, आणि तो भार बेल्टला व वायरीला पेलावा लागतो. ७० अँपियर म्हणजे १४ व्होल्टवर जवळजवळ एक किलोवॅट वीज. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी इंजिनकडून सव्वादोन अश्वशक्ती घ्यावी लागते. १२० अँपियरला पावणेचार. एकटा बारीक व्ही-बेल्ट सत्तर-ऐंशी अँपियरच्या पलीकडे घसरू लागतो, आणि घसरू नये म्हणून तुम्ही तो ताणत गेलात की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग बळी पडतं.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण अपेक्षाभंग इथेच होतो. अल्टरनेटरचा छापलेला आकडा त्याच्या ६,००० आरपीएमचा असतो. सिग्नलला उभं असताना तुम्हाला त्याच्या निम्माही मिळेलच असं नाही. काही अल्टरनेटरांवर ‘१४ व्ही ५०/१२० ए’ असे दोन आकडे असतात. पहिला कमी फेऱ्यांवरचा, दुसरा भरधाव फेऱ्यांवरचा. शहरात गाडी चालवणाऱ्याने पहिला आकडा पाहून खरेदी करावी.

३. कोणता निवडायचा

तुमच्या मॉडेलच्या मालकांनी मळलेली वाट असेल तर तिनेच जा. डॅटसन २४०झेडवाले २८०झेडएक्सचा ६० अँपियरचा, रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) आत असलेला अल्टरनेटर वापरतात. फॉक्सबॉडी मस्टँगवाले फोर्डचाच १३० अँपियरचा ३जी बसवतात. जुन्या अमेरिकन गाड्यांत डेल्कोचा १०एसआय सर्रास दिसतो. अशा जोडीत कंस (ब्रॅकेट), बुश (फट भरणारी नळी), प्लग कुठले लागतात हे आधीच माहीत असतं. स्वतः नवी जोडी जमवण्यात मजा आहे, पण पहिल्यांदाच करत असाल तर नको.

हातात घेऊन या गोष्टी तपासा:

खालचा बोल्ट ज्यांतून जातो ते कान आणि वरच्या पट्टीचं भोक जुन्याशी जुळतं का. कानांमधलं अंतर व्हर्निअरने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका.

टर्मिनल कुठल्या दिशेला येतात. चेसिसला किंवा एक्झॉस्टला टेकत असतील तर मागचा अर्धा भाग लांब स्क्रू सैल करून फिरवता येतो. दोन्ही भाग वेगळे मात्र करू नका. आतले ब्रश स्प्रिंगने बाहेर उसळतात आणि पुन्हा बसवताना घाम फुटतो.

बाहेर पंखा असलेल्या अल्टरनेटरची पाती तुमच्या इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेची आहेत का. उलट्या दिशेने फिरला तरी वीज येईल, पण हवा नीट खेचली जाणार नाही आणि तो शिजेल.

पुली. क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली १४० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ७० असेल तर गुणोत्तर दोनास एक. म्हणजे ८०० च्या आयडलिंगला १,६०० फेरे आणि ६,५०० ला १३,०००. आयडलिंगला जास्त मिळावं म्हणून ६० ची पुली लावली, तर वरच्या टोकाला १५,००० च्या पुढे जाल. स्पोर्ट्स कार लाल रेषेपर्यंत नेली जाते, म्हणून त्या अल्टरनेटरची कमाल मर्यादा आधी पाहा आणि मगच पुली छोटी करा. जुनी पुली नव्यावर चढवणार असाल तर शाफ्टचा व्यास आणि बेल्टच्या खाचेची रुंदी दोन्ही जुळायला हवीत.

‘एकच वायर जोडा’ असं सांगून विकले जाणारे अल्टरनेटर मी टाळतो. ते जागे व्हायला इंजिन एकदा जोरात फिरवावं लागतं, डॅशवरचा चार्जिंगचा दिवा निकामी होतो, आणि गाडीच्या दूरच्या टोकाला व्होल्टेज किती पडलं हे त्यांना कळत नाही. दोन बारीक वायरी वाचवण्यासाठी एवढं गमावण्यात अर्थ नाही.

गाडीत अजून डायनॅमो असेल तर आणखी दोन प्रश्न. पहिला, गाडी धन-अर्थ आहे का, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे का? एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्या १९६७ पर्यंत धन-अर्थ होत्या. अल्टरनेटर बहुधा ऋण-अर्थच मिळतो. उलटा जोडलात तर त्याचे डायोड त्याच क्षणी जातात. गाडी ऋण-अर्थ करायची झाली तर रेडिओ, अॅमीटर (करंट दाखवणारा मीटर), कॉइल, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) आणि पंप, प्रत्येकाची दिशा तपासावी लागते. दुसरा, टॅकोमीटर डायनॅमोवर तर चालत नाही ना? ऑस्टिन-हीली स्प्राइटच्या पहिल्या मॉडेलमध्ये टॅकोमीटरची केबल डायनॅमोच्या मागून निघते. तो काढलात की काटा शून्यावर.

४. जुना उतरवा

फोटो काढा, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल लावा, आणि मगच बॅटरीची ऋण केबल सोडवा. ती सोडवल्याशिवाय बी प्लसच्या नटला पाना लावू नका. त्या टर्मिनलवर बॅटरी कायम जिवंत असते आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं तर पाना तिथेच चिकटतो.

काढलेलं सगळं, बोल्ट-वॉशरसकट, एका खोक्यात नाव घालून ठेवा. गाडी मूळ रूपात परत न्यायची वेळ येऊ शकते.

५. नवा बसवा

कान आणि कंस यांच्यात फट राहिली तर ती पोलादी बुशने किंवा वॉशरने भरा. बोल्ट आवळून फट मिटवू नका. कान अॅल्युमिनियमचा आहे, तो वाकत नाही, तडकतो. आणि लगेच नाही, एखाद्या प्रवासात.

बोल्ट अर्धवट आवळलेले असताना क्रँकच्या पुलीवर पोलादी पट्टी टेकवून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत सरळ रेषा पाहा. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून कडा जुळवून थांबू नका. खाचेचा मध्य जुळला पाहिजे. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालेल. त्यापेक्षा जास्त असेल तर बुश कमी-जास्त करा. वाकडा बेल्ट चिरकतो आणि त्याच्या एका कडेची काळी भुकटी बोनेटखाली उडालेली दिसते.

बेल्ट ताणताना पहार अल्टरनेटरच्या पुढच्या जाड भागाला लावा, मधल्या पत्र्यांना किंवा मागच्या झाकणाला नाही. सर्वात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे.

अल्टरनेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी येत असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा घाला. तापलेला अल्टरनेटर कमी करंट देतो आणि त्याचे डायोड लवकर जातात.

६. जाड केबल, फ्यूज आणि अर्थ

इथे सावकाश काम करा.

जुन्या चार्जिंग वायरीतलं तांबं साधारण ४ ते ६ चौरस मिलिमीटरचं असतं. दोन मीटर लांबीची ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि तिच्यातून ८० अँपियर पाठवा. वायरीतच ०.७ व्होल्ट पडतात आणि ५५ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही कापडी टेपात गुंडाळलेल्या वायरिंगच्या जुडग्याच्या पोटात. माझी वायर मऊ का झाली, याचं उत्तर या हिशेबात आहे. त्याच जागी १६ चौरस मिलिमीटरची केबल असेल तर ०.१७ व्होल्ट पडतात. ७० ते १०० अँपियरच्या अल्टरनेटरला आणि दोनेक मीटर अंतराला १६ घ्या. अंतर जास्त असेल तर २५. मल्टिस्ट्रँड, गाड्यांसाठीची, तेल आणि उष्णता सोसणारी. घरच्या वायरिंगची कडक तार कंपनाने तुटते.

केबल कुठून कुठे न्यायची? बॅटरी बोनेटखाली असेल तर अल्टरनेटरच्या बी प्लसपासून बॅटरीच्या धन टोकाकडे. बॅटरी सीटमागे किंवा डिकीत असेल तर तिथपर्यंत ओढत बसू नका. बॅटरीची जाड केबल स्टार्टरच्या सोलेनॉइडवर (स्टार्टरला करंट देणाऱ्या मोठ्या स्विचवर) जिथे येते त्या बोल्टवर जोडा. पुढचा रस्ता आधीच जाड आहे.

मध्ये फ्यूज हवाच, आणि तो केबलच्या बॅटरीकडच्या टोकाला. शॉर्ट झालं तर आग लावण्याइतका, शेकडो अँपियरचा करंट बॅटरी देते, अल्टरनेटर नव्हे. आकार अल्टरनेटरच्या छापील आकड्याच्या सव्वापट किंवा त्याहून थोडा वरचा: ७० ला १००. नट-बोल्टने बसणारा फ्यूज वापरा. पात्यांचा छोटा फ्यूज एवढ्या करंटला टिकत नाही. आणि ‘सुरक्षित राहू दे’ म्हणून लहानही घेऊ नका. इंजिन चालू असताना हा फ्यूज उडाला तर अल्टरनेटरचा भार अचानक सुटतो आणि व्होल्टेज क्षणभर शंभरच्या आसपास उसळू शकतं. त्यात रेग्युलेटर, रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन जाऊ शकतं. याच कारणासाठी, चालू गाडीत बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर ‘तपासायची’ जुनी सवय कोणी दाखवली तर हात धरून थांबवा.

जुन्या वायरीचं काय? नवी टाकून जुनी तशीच जोडलेली ठेवावी असं पुष्कळजण सांगतात. त्यात खोच आहे. नव्या केबलचा फ्यूज उडाला की सगळा करंट जुन्या बारीक वायरीवर येतो. दुसरीकडे, ती आंधळेपणाने तोडूनही चालत नाही. काही गाड्यांत फ्यूज बॉक्सचा पुरवठा त्याच टर्मिनलवरून पुढे जातो आणि तो तोडलात तर गाडी मरते. डायग्राममध्ये ती वायर शेवटपर्यंत बोटाने शोधा. ब्रिटिश गाड्यांत ती तपकिरी असते आणि तपकिरी म्हणजे कायम जिवंत. फ्यूज बॉक्सचा पुरवठा बॅटरीच्या बाजूने स्वतंत्र येत असेल तर अल्टरनेटरकडचं जुनं टोक सोडवून, स्लीव्ह चढवून बांधून ठेवा.

आता अर्थ, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं आहे. दोघांना जोडते ती एक विणलेली स्ट्रॅप. ती गंजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुतेक वेळा अॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर समजा हेच चाललंय. नवी स्ट्रॅप टाका, धन बाजूच्या केबलइतकीच जाड. जिथे बसणार तिथला रंग आणि गंज तारेच्या ब्रशने घासून धातू चमकवा, आवळा, आणि वरून ग्रीस लावा. एक टोक अल्टरनेटरच्या कंसाजवळ इंजिनला, दुसरं चेसिसला. बॅटरीची बॉडीवरची अर्थही त्याच बैठकीत उघडून साफ करा.

७. चार्जिंगचा दिवा आणि बारीक वायरी

अल्टरनेटर फिरला म्हणजे वीज सुरू होतेच असं नाही. त्याच्या रोटरला (आत फिरणाऱ्या गुंडाळीला) सुरुवातीचा थोडासा करंट बाहेरून लागतो. जुन्या गाडीत तो डॅशवरच्या लाल दिव्यातून येतो. चावी ऑन केली की बॅटरीतून दिव्यात, दिव्यातून अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल टर्मिनलला, तिथून रोटरमध्ये आणि अर्थला. दिवा पेटतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की डी प्लसही बॅटरीइतक्याच व्होल्टेजवर येतो, दिव्याच्या दोन्ही बाजू समान होतात आणि तो विझतो.

म्हणजे तो २.२ वॉटचा बल्ब या जोडणीतला कामाचा भाग आहे. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा इंजिन जोरात फिरवल्यावरच होतो. त्याच्या जागी एलईडी लावलात तरी हेच होतं, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. एलईडीच हवा असेल तर त्याच्या समांतर ६८ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा.

चावीचे १२ व्होल्ट थेट एल टर्मिनलला मात्र कधीच देऊ नका. डेल्कोच्या सीएस१३० मध्ये मध्ये बल्ब किंवा रेझिस्टर नसेल तर रेग्युलेटर जळतो.

एक विचित्र प्रकार तुमच्या वाट्याला येऊ शकतो: चावी बंद केली तरी इंजिन चालूच. डी प्लसवरून करंट उलटा दिव्यातून इग्निशनच्या वायरीत येतो आणि इग्निशन जिवंत ठेवतो. दिव्याच्या वायरीत एक अँपियरचा साधा डायोड घाला, त्याची रंगीत पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. प्रश्न मिटतो.

एस किंवा सेन्सचं टर्मिनल असेल (डेल्को १०एसआयमध्ये ते २ क्रमांकाचं) तर त्याची वायर अल्टरनेटरच्याच बी प्लसवर गुंडाळू नका. ती बॅटरीपर्यंत किंवा मुख्य जोडापर्यंत न्या, लहान फ्यूज घालून. मग रेग्युलेटर बॅटरीवरचं खरं व्होल्टेज पाहून काम करतो.

पूर्वी बाहेर वेगळा रेग्युलेटर होता आणि नव्यात तो आत आहे, तर जुना पूर्ण बाद करावा लागतो. त्याच्या प्लगमधल्या कोणत्या वायरी एकमेकींना जोडायच्या हे गाडीगणिक बदलतं. इथे अंदाज चालत नाही, डायग्राम समोर ठेवा. जुना डबा दिसायला हवा म्हणून जागेवर ठेवायला हरकत नाही, फक्त आतून रिकामा.

८. डॅशवर अॅमीटर असेल तर

काही जुन्या गाड्यांत चार्जिंगचा संपूर्ण करंट डॅशमागून, अॅमीटरमधून फिरून जातो. ३०-०-३० लिहिलेल्या मीटरमधून ७० अँपियर गेले तर तुमच्या गुडघ्यांच्या वर, वायरींच्या गुंत्यात, आग लागू शकते. त्याच्या दोन्ही वायरी बोल्टने एकत्र जोडून, नीट झाकून मीटर बाद करा आणि त्या जागी व्होल्टमीटर बसवा. व्होल्टमीटर अधिक उपयोगीही आहे.

९. पहिल्यांदा चालू करताना

पूर्ण भरलेली बॅटरी लावा. उतरलेली बॅटरी भरण्याचं काम नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी देऊ नका. ऋण केबल टेकवताना मोठी ठिणगी पडली तर थांबा, काहीतरी उलटं जोडलं गेलं आहे.

चावी ऑन: दिवा पेटला पाहिजे. इंजिन चालू: दिवा विझला पाहिजे, फार तर एकदा हलकं रेस केल्यावर. बॅटरीवर १४ च्या आसपास. १५ च्या वर गेलं तर लगेच बंद करा. रेग्युलेटर किंवा सेन्सची वायर तपासा. मग सगळे भार लावा आणि पहिल्या पायरीतली दोन्ही मापं पुन्हा घ्या, वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

अर्धा तास दिवे लावून गाडी चालवा, थांबा, इंजिन बंद करा आणि प्रत्येक थिंबलाजवळ, फ्यूजच्या होल्डरजवळ हाताचा मागचा भाग न्या. आसपासच्या भागापेक्षा एखादा जोड जास्त गरम असेल तर तो उघडून पुन्हा करा, त्याच दिवशी.

नवा बेल्ट दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा ढिला पडतो, तेव्हा ताण पुन्हा पाहायचा आणि कंसाचे बोल्टही. बोनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवा: अल्टरनेटर मुळात कुठल्या गाडीचा, बेल्टची लांबी, फ्यूजचा आकार, जुनी वायर कुठे बंद केली आहे. एक जादा फ्यूज आणि तो बसवायला लागणारा पाना ग्लोव्ह बॉक्समध्ये.